जाळ्याच्या सुतावर घिवलीपर्यंत

मुंबईहून घिवली किती लांब, असं कुणी विचारलं की मी सांगतो, आगगाडीनं गेलात तर अर्धा दिवस आणि माझ्या गाडीनं गेलात तर सहा वर्षं. लोक हसतात. मीही हसतो. पण हिशेब खरा आहे. गाडी घेतली त्या वर्षी आम्ही घिवलीला जायला निघालो, आणि यंदाच्या माघात मी पोचलो. निघालो होतो दोघं, पोचलो एकटा, एवढंच त्यात वाईट झालं.

घिवली हे माझ्या बायकोचं, यमुनेचं माहेर. बोईसर स्टेशनवर उतरून समुद्राच्या दिशेनं तीन-चार कोस गेलं की लागतं. कोळ्यांचं गाव. यमू तिथल्या लखमाबाईंची एकुलती मुलगी. मुंबईला येऊन ती नर्स झाली, माझी आई आजारी असताना तिच्या वॉर्डात होती, आणि आई बरी होऊन घरी आली तरी मी वॉर्डात जातच राहिलो. मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेला, पण गाडी घेताना माझी स्वतःची चूक काही मला दिसली नाही.

लखमाबाई तरुणपणीच विधवा झाल्या. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन त्या रोज घिवलीहून बोईसर स्टेशनपर्यंत पायी यायच्या, आणि छोटी यमू त्यांच्या मागून. लग्नानंतर यमूनं माझ्याकडे कधी दागिना मागितला नाही. ती एकच गोष्ट म्हणायची, "एकदा आयला आपल्या गाडीत बसवायचं आणि त्याच रस्त्यानं स्टेशनपर्यंत न्यायचं. डोक्यावर काही नको. हात मोकळे." मी म्हणायचो, नेऊ की, त्यात काय.

गाडी स्वस्तात मिळाली. ती स्वस्त का होती ते पुढे कळलं. कंपनीचं नाव मी सांगत नाही. माझ्या पत्रांना ती उत्तरं देत नसली, तरी अब्रू तिलाही असेल. गाडी दिसायला गोंडस, तान्ह्या पोरासारखी, आणि तशीच केव्हा रडायला लागेल त्याचा नेम नाही. बिघडली की मी एजन्सीत जायचो. तिथले टाय लावलेले गृहस्थ मोठ्या अदबीनं खुर्ची द्यायचे आणि सांगायचे, "पार्ट बोटीवर आहे." वर्षानुवर्षं माझे सगळे पार्ट बोटीवरच होते. यमू म्हणायची, "आमच्या गावचा एखादा होडीवरचा तांडेल पाठवा. तो त्या बोटीला दोर लावून आणील ओढत."

तीनदा निघालो. पहिल्यांदा ठाणं ओलांडलं आणि रेडिएटर फुटला. दुसऱ्यांदा भिवंडीपुढून एका बैलगाडीनं आम्हांला ओढून परत आणलं. यमू गाडीवानाशेजारी बसून आली आणि त्याच्या बैलांची नावं विचारत होती. तिसऱ्यांदा वाड्याच्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरची तार तुटली. मी बॉनेट उघडून नुसता पाहत राहिलो. यमूनं पिशवी विणायला घेतलेलं जाळ्याचं सूत काढलं, तारेच्या तुटक्या टोकापासून कार्बुरेटरच्या दांडीपर्यंत ओढून घेतलं आणि दोन्हीकडे दोन गाठी मारल्या. ती डावखुरी होती. तिच्या गाठी बघणाऱ्याला उलट्या वाटत. "चालवा," म्हणाली. गाडी चालली. पण दिवस कलला होता, दुसऱ्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती, म्हणून आम्ही मागे फिरलो. त्या निर्णयाचा मला अजून राग येतो. फक्त पुढे जायचं होतं.

त्या पावसाळ्यात तिच्याच वॉर्डातला ताप तिला लागला आणि आठ दिवसांत ती गेली.

तार अर्थातच बोटीवर होती. पुढे दोन वर्षं गाडी त्या सुतावर चालली. किती मेकॅनिकांनी हसून विचारलं, साहेब, हे काढून दुसरी तार घालू का? मी कुणाला हात लावू दिला नाही. आणि यंदा वाटलं, आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही. लखमाबाई थकत चालल्या होत्या. यमूला मी दिलेला शब्द तसाच राहिला होता.

मनोर

भिवंडी, वाडा करत मनोरपर्यंत गाडी एका शब्दानं कुरकुरली नाही. मला तिचा संशय आला. मनोरच्या पुढे पालघरकडे वळलो, रान सुरू झालं, आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. म्हटलं, आली बुवा ओळखीची माणसं.

डोंगराच्या पायथ्याला दोन-तीन झोपड्या होत्या. भाताची खाचरं कापून कोरडी पडलेली. कुडाच्या भिंतीशी एक म्हातारा बसला होता. मी डबा दाखवून पाणी मागितलं. तो उठला, आतून भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन आला आणि आधी मला प्यायला दिलं. मी म्हटलं, मला नको, गाडीला पाहिजे. तो काही ऐकेना.

"मानसानं आदी प्यावा," तो म्हणाला. "ती कुठं पळून जाते?"

हे मात्र खरं होतं. मी प्यालो. मग गाडी प्याली. एक तुंबा, दोन तुंबे, तिसरा. म्हातारा वाकून पाहत होता.

"रेड्यावानी पिते. कामाला कशी हाय?"

"कामाला तशीच आहे," मी म्हटलं.

"मंग इकत का नाय?"

तेवढ्यात त्याची म्हातारी दारातून म्हणाली, "घरातल्या मानसाची असंल." मी मान हलवली. त्यावर म्हाताऱ्यानं विषय बदलला. घरातली तरुण माणसं कामाला बाहेर गेलेली, होळीला परत येतील, असं त्यानं आपणहून सांगितलं. आमच्याकडे गिरगावात पाणी विचारतात ते उपचार म्हणून, आणि तेही दाराच्या फटीतून. इथं पाणी लांबून डोक्यावरून आणलेलं, आणि माझ्या गाडीनं त्यातले तीन तुंबे गिळले. मी द्यायला काही काढलं तर तो रागावला. शेवटी डब्यातली अर्धी पोळीभाजी तिथंच बसून तिघांनी खाल्ली. यमूनं त्या म्हातारीशी तासभर गप्पा मारल्या असत्या. मला तेवढं जमत नाही.

बोईसर

पालघरला ताडगोळे मिळतील म्हणून थांबलो; माघात कुठले ताडगोळे! यमू असती तर आधीच हसली असती. पुढे बोईसर आलं आणि मला ते ओळखू येईना. दर खेपेला आम्ही आगगाडीनं यायचो तेव्हाचं बोईसर म्हणजे स्टेशन, चार दुकानं आणि टांगे. आता पलीकडे समुद्रकाठी विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं, त्यामुळे रस्ता रुंद, ट्रकच ट्रक, आणि चहाच्या दुकानात मराठीपेक्षा हिंदीच जास्त.

ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकनं माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. दणकट पंजाबी माणूस, हात कोपरापर्यंत काळे. "यह चलती भी है?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, मुंबईहून आलीय. त्यानं गाडीला सलाम केला. गळती बघायला बॉनेट उघडलं, नळीला पट्टी आवळली आणि मग त्याची नजर सुतावर गेली.

"यह सुतली किसने बाँधी?"

"घरवाली ने."

"गाँठ पक्की है। लेकिन धागा गल गया है, साहब। आगे रेत है, ज़ोर पड़ेगा। मेरे पास तार पड़ा है, दस मिनट में डाल देता हूँ।"

मी म्हटलं, नको. तो म्हणाला, रास्ते में टूटेगा. मी पुन्हा म्हटलं, नको. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बॉनेट हळूच खाली केलं आणि फडक्यानं हात पुसले. शहाणा माणूस होता. मी नव्हतो. सुताची एक बाजू पिंजली होती हे मलाही दिसत होतं. पण ते काढून एखाद्या खोक्यात ठेवायचं, ही कल्पनाच मला सोसवेना. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू राहतात. साड्या राहिल्या, चष्मा राहिला. पण तिनं केलेलं आणि अजून काम करणारं असं ते एकच होतं.

घिवली

गाव दिसायला लागलं. माडांच्या वरून आकाश पांढुरकं झालं, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, आणि मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "यमू, आलो गं." तेवढ्यात रस्ता संपून वाळूची पुळण सुरू झाली. चाकं रुतली. मी पाय दाबला. गाडी एकदा ओरडली आणि मग माझा पाय मोकळाच खाली गेला.

बॉनेट उघडलं. सूत मधोमध तुटलं होतं. मेकॅनिकनं सांगितलं तस्संच. एक तुकडा तारेला लोंबत होता, दुसरा दांडीला. मी ती दोन टोकं एकमेकांना बांधली, ती पुरेनात. ओढून बांधली, तर माझी गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. चार पावलांवर यमूचं घर, आणि मी पुळणीत गुडघे टेकून बसलो होतो. सांगायला लाज वाटत नाही, मी रडलो.

जाळी आवरून येणाऱ्या एका कोळ्यानं मला पाहिलं. जवळ आला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओरडला, "अरे, लखमायचा जावय आलाय! गाडी लागली पुळणीला!"

मग जे झालं ते मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. घिवलीत होडी वर ओढायची असली की कुणी कुणाला बोलवत नाही. दोर दिसला की हातातलं काम टाकून माणूस येतो, बाई येते, नुकतं भांडण झालेला शेजारीसुद्धा येतो. ज्याचा हात दोराला लागला त्याला त्या दिवशीच्या मासळीत वाटा. माझ्या गाडीला त्यांनी तोच कायदा लावला. कुणी झावळ्या आणून चाकांखाली घातल्या. कुणी जाडजूड दोर आणला. एक म्हातारा तांडेल गाडीभोवती फिरून म्हणाला, "हिची नाळ कंची?" होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. मी पुढची बाजू दाखवली. त्यानं दोर खालून घेऊन असा बांधला की मला कळलंसुद्धा नाही, आणि मला हुकूम सोडला, "तुमी सुकाणू धरा. बाकी आमी बघतो."

मी आत बसून स्टिअरिंग धरलं. बाहेर पंचवीस-तीस माणसं दोन रांगांत. "हैश्शा!" झालं आणि गाडी हलली. ज्या गाडीला कंपनीत कुणी वाली नव्हता, तिला त्या दिवशी सगळ्या गावानं हात लावला. पुन्हा "हैश्शा!" एका बाईनं ओढता ओढता विचारलं, "जावय, गाडी ही अशीच चालते का सदा?" सगळे हसले. मीही हसलो. डोळे अजून ओलेच होते.

गाडी दारात आली. लखमाबाई अंगणात बोंबील निवडत बसल्या होत्या. उठल्या, हात धुतले, आणि पुढे न येता तिथंच उभ्या राहिल्या.

"लय दिस लागलं," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

त्या गाडीजवळ आल्या. डावीकडच्या काचेतून आत पाहिलं. तिथं दाराच्या मुठीला यमूची अर्धवट विणलेली पिशवी अजून लटकत होती.

"ती हितं बसायची?"

मी मान हलवली. त्यांनी काचेवर हात ठेवला, काढला, आणि पदरानं काच पुसली. मग मागे वळून म्हणाल्या, "मान्सं हुबी हायत. वाटा द्या तेंचा." मी यमूच्या आवडीचे पेढे आणले होते आईंसाठी. त्यांनीच खोका फोडला आणि दोराला हात लागलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा ठेवला. कुणी राहिला नाही ना, हे त्या दोनदा विचारत होत्या.

गर्दी पांगल्यावर त्या म्हणाल्या, "काय तुटलं ते दाखवा."

मी बॉनेट उघडलं. त्या वाकल्या. दांडीवरची गाठ त्यांनी दोन बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"ही यमूची. डाव्या हाताची. मी लय मारलं तिला यापायी. सगळी म्हनायची, उलटी गाठ पान्यात सुटती." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "नाय सुटली."

"सूत तुटलं, आई. बोईसरला तार घालून देत होते. मीच नको म्हटलं."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या मला वेड्यात काढतील.

तो दोर बांधणारा तांडेल अजून बसला होता. तो म्हणाला, "लखमाय, नायलन घे. हल्ली तेच चालतं, कुजत नाय." आईंनी घरातून नायलॉनचं नवं सूत आणलं आणि यमूच्या गाठी तशाच ठेवून तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये नवा तुकडा धरला. एकदा बांधलं, सोडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. सत्तरीला आलेली, आयुष्यभर जाळी विणलेली बाई. तिला एक गाठ येईना? मग माझ्या लक्षात आलं. त्या उजव्या हाताच्या होत्या आणि गाठ डाव्या हाताची मारत होत्या. तिसऱ्यांदा जमली. त्यांनी दुसरं टोकही तसंच बांधलं आणि त्या आत भाकरी करायला गेल्या.

त्या दिवशीच्या ओल्या बोंबलांच्या कालवणाबद्दल मला खरं तर दोन पानं लिहायची होती. लग्नाआधी ज्या घरात मासळीचं नाव काढलं की उदबत्ती लागायची, त्या घरातला मी, तिसरी भाकरी मागत होतो. पण चव सांगायला बसलो की यमूच्या हातचं आठवतं, तेव्हा राहू दे.

परत बोईसर

सकाळी चार वेळा हँडल मारलं. पाचव्यांदा गाडी सुरू झाली. पुळणीतून पुन्हा दोर लावून तिला पक्क्या रस्त्यावर आणून सोडलं होतं. आई नवं लुगडं नेसून आल्या, केसांत अबोलीचं फूल नव्हतं पण पदराच्या टोकाला बांधलेलं होतं. डावीकडच्या सीटवर बसल्या आणि कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"हातांचं काय करू?"

"काही करू नका, आई. मांडीवर ठेवा."

त्यांनी ठेवले. थोड्या वेळानं पाहिलं तर एक हात वर गेला होता, डोक्यावर काही नसताना, टोपली धरायला जातो तसा. त्यांनी तो हसून खाली घेतला. पुढे पुन्हा गेला. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

एका चिंचेखाली कमरेइतका उंच धोंडा होता. "थांबवा," त्या म्हणाल्या. तिथं सगळ्या बायका टोपल्या उतरवायच्या. उंच धोंड्यावर ठेवली की पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागत नाही.

"हितं आली की ती रडायची. पाय भाजायचे तिचे. मी म्हनायची, चल, आलं टेसन, आलं. आलेलं नसायचं. अर्धा रस्ता बाकी असायचा." त्या धोंड्याकडे पाहत होत्या. "मोठी झाल्यावर म्हनाली मला, आय, तू लय खोटी बोलायचीस."

त्यांनी पदराचं फूल सोडलं आणि धोंड्यावर ठेवलं. मग गाडीत बसल्या. मी इंजिन बंद केलं नव्हतं, तेवढा शहाणपणा मला आता आला होता.

आईंनी जोडलेलं सूत खेचत होतं. चढ आला, ट्रक अंगावरून गेले, गाडी कुठं अडखळली नाही. मेकॅनिकच्या दुकानावरून गेलो तेव्हा त्यानं हात उंचावला. आणि स्टेशनासमोर मी ब्रेक लावला.

"का थांबलात?" आईंनी विचारलं.

"स्टेशन आलं."

"आलं? एवढ्यात?"

त्यांनी बाहेर पाहिलं. खरंच आलं होतं. मग त्या बाईनं, जी मुलीच्या तेराव्याला एक टिपूस न गाळता सगळ्यांना पाणी देत फिरत होती, तोंडावर पदर घेतला आणि मोठ्यानं हाक मारली, "यमू, आलं गं टेसन!" टांगेवाले बघायला लागले. मी त्यांचा हात धरून बसलो. मला एकच वाटत होतं, की ही हाक ऐकायला ती पाहिजे होती.

मुंबईला परत आल्यावर पंधरा दिवसांनी एजन्सीतून पुडकं आलं. आत अ‍ॅक्सिलरेटरची तार, अस्सल, तेलकट कागदात गुंडाळलेली, आणि छापील पत्र, विलंबाबद्दल दिलगीर आहोत म्हणून. बोट लागली होती. मी ती तार कपाटात यमूच्या साड्यांशेजारी ठेवली आणि कंपनीला उत्तर लिहिलं. आजवर त्यांना लिहिलेल्या पत्रांत ते पहिलंच विनातक्रारीचं. लिहिलं, की आपला पार्ट मिळाला, गाडी उत्तम चालू आहे, आणि तो वेळेवर पाठवला नाहीत याबद्दल मी आपला जन्माचा आभारी आहे.